दोन रेघा, एक गोल

माझा साडू अंमली पदार्थांच्या टोळीचा म्होरक्या झाला ही बातमी मला बायकोनं दिली, आणि देताना तिचा चेहरा अभिमानानं फुलून आला होता.

“आईला तर आनंदानं रडूच आलं,” ती म्हणाली. “आपल्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी एवढं नाव काढतंय.”

मी चहा पीत होतो. कप तसाच हातात राहिला.

“करंगळी खाली घ्या,” ती म्हणाली. हातात काही धरलं की माझी उजवी करंगळी वर राहते, आणि जगात काहीही चाललेलं असलं तरी ते हिच्या नजरेतून सुटत नाही.

मग खुलासा झाला. टीव्हीवर दर शुक्रवारी संध्याकाळी गुन्ह्यांची एक मालिका लागते. तिच्यात अंमली पदार्थांच्या टोळ्या कशा उदयाला आल्या यावर एक भाग निघणार होता. एका अंधाऱ्या खोलीत एक तरुण पहिली पुडी बांधतो आणि तासाभरात त्याची जहाजं समुद्रावर फिरू लागतात, असा एकूण विषय. माझा साडू नळांच्या दुकानात विक्रेता आहे. मालिकेवाले टोळीवाल्याच्या बंगल्यासाठी सोनेरी नळ बघायला दुकानात आले आणि नळ सोडून साडूची मिशीच बघत बसले. तरुणपणीचा म्होरक्या म्हणून त्याची तिथल्या तिथं निवड झाली. साडू त्रेचाळीस वर्षांचा आहे. पण गुन्हेगारीत एवढं चालत असावं.

आता कुणी म्हणेल, तुम्हाला मत्सर वाटला. वाटला. उगाच खोटं कशाला बोलू? माझ्या पोटात जे दुखायला लागलं त्यावर आमच्या दवाखान्यात औषध नाही. पण त्यात न्यायाचाही मुद्दा होता. थोरला जावई मी. तरी सासूबाई मला ‘अहो’ म्हणतात आणि ‘जावईबापू’ हा शब्द त्यांनी धाकट्यासाठी राखून ठेवलाय. त्याच्या घरी भिंतीएवढा टीव्ही, आमच्या टीव्हीवर नावं वाचायची तर उठून जवळ जावं लागतं. त्याला मिशी शोभते, मला ठेवली की लोक विचारतात, बरं नाही का? हे सगळं मी सोसलं होतं. पण आता गुन्हेगारसुद्धा तोच आधी होणार म्हणजे फार झालं.

पाच-सहा दिवसांनी साडू दवाखान्यात येऊन पेशंटांच्या बाकावर बसला. त्याचा नंबर आला तरी उठेना. शेवटी सगळे गेल्यावर माझ्या खिडकीशी आला.

“साडूभाऊ, जरा खाजगी काम होतं.”

“पोटाचं?” मी आशेनं विचारलं.

“नाही हो. पुड्यांचं.”

इथं माझ्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. मी कंपाउंडर आहे. सत्तावीस वर्षं एकाच डॉक्टरांकडे. आमचे डॉक्टर जुन्या वळणाचे. ते चिठ्ठी लिहितात, मी गोळ्या खलात कुटतो, पूड कागदाच्या चौकोनी तुकड्यांवर सारखी वाटतो आणि पुड्या बांधतो. एका पुडीला चार सेकंद. तीन घड्या, टोक आत, नखानं दोन टिचक्या. उलटी धरून हलवली तरी कण सांडणार नाही. मग वर पेन्सिलीनं खूण. दिवसातून जितक्या वेळा घ्यायची तितक्या उभ्या रेघा, आणि जेवणानंतर घ्यायची असेल तर शेजारी एक गोल. गोल म्हणजे ताट. ही खूण माझी स्वतःची आहे. वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही ती कळते. आमच्याकडची बहुतेक औषधं दोन वेळा आणि जेवणानंतरची, त्यामुळे दोन रेघा, एक गोल, दोन रेघा, एक गोल, यातच माझं तारुण्य गेलं. त्याबद्दल माझा सत्कार वगैरे कुणी केलेला नाही.

साडूची अडचण अशी होती, की त्याच्या प्रसंगात बोलायला एक वाक्य नव्हतं. नुसतं बसून झपाझप पुड्या बांधायच्या. सगळं साम्राज्य त्या बोटांच्या चपळाईतून उभं राहिलं हे दिसलं पाहिजे, असं दिग्दर्शकांचं म्हणणं. आणि साडूला पुडी बांधता येत नव्हती.

“साधं तर असतं ना ते?” तो म्हणाला. “एक-दोन संध्याकाळींत होईल?”

साधं! मी त्याच क्षणी शिकवायचं कबूल केलं. त्याला ते येणार नाही याची मला खात्री होती, आणि ते न येणं जवळून बघायला मिळणार होतं.

तीन संध्याकाळी शिकवणी चालली. आमच्या जेवणाच्या टेबलावर मी दवाखान्यातला छोटा तराजू ठेवला, कागदाचे तुकडे कापले, डब्यातली पिठीसाखर काढली. वाऱ्यानं पूड उडू नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या, पडदे ओढले. साडूची बोटं नळ पिळायला घडलेली. त्यानं पहिली पुडी बांधली ती समोशासारखी फुगली, दुसरी उलगडून मांडीवर सांडली, तिसरीत त्याचा अंगठाच आत राहिला. मी प्रत्येक वेळी “वा, जमतंय” म्हणत होतो. तिसऱ्या संध्याकाळपर्यंत घरात मुंग्यांची रांग लागली. ही माझ्यावर चिडली.

“तुम्हाला नीट शिकवता येत नाही,” ती म्हणाली. “ते बिचारे किती जीव तोडून करताहेत!”

एक गोष्ट मात्र माझ्या मनाला फार लागली. बंद पडद्यांमागे दोन माणसं तीन संध्याकाळी तराजू घेऊन पांढरी पूड तोलताहेत, आणि आमच्या इमारतीत एकालाही संशय आला नाही! समोर राहणारे निवृत्त पोस्टमास्तर तर मधेच दार ढकलून आत आले. टेबलावरचा सगळा पसारा त्यांनी पाहिला. मी श्वास रोखून वाट बघत होतो.

“घडी चुकतेय तुमची,” ते म्हणाले. “पार्सलाची घडी घाला. कोपरा असा आत. पस्तीस वर्षांत माझं एक पार्सल सुटलं नाही.”

म्हणजे इतकी वर्षं एका जागी राहून माझ्यावर साधा संशय घ्यावा एवढीही कुणाला माझी किंमत नाही. हेच साडूच्या घरी चाललं असतं तर एव्हाना पोलीस आले असते.

चित्रणाच्या दिवशी मी शिक्षक म्हणून बरोबर यावं, असं साडूनं ठरवलं. पोस्टमास्तरांना ते कळल्यावर ते गंभीर झाले. “लेखी परवानगी घेतलीत का? तुम्ही नोंदणी झालेले कंपाउंडर. उद्या टीव्हीवर अंमली पदार्थ आणि शेजारी तुम्ही! कागद हातात असलेला बरा.” मला ते पटलं. खरं सांगायचं तर आपल्यालाही कुठल्यातरी परवानगीची गरज पडतेय या कल्पनेनंच बरं वाटलं. मी रजा टाकून औषध परवान्यांच्या कचेरीत गेलो आणि अंमली पदार्थांच्या पुड्या बांधायची परवानगी मागितली.

“खऱ्या की खोट्या?” कारकुनानं विचारलं.

“खोट्या. आत पिठीसाखर.”

त्याचा चेहरा पडला. “खऱ्या असत्या तर सोपं होतं. मोठ्या इस्पितळांना लागतात, त्याला चार नंबरची खिडकी आहे, छापील अर्ज आहे. खोट्याला खिडकीच नाही.”

“मग मी काय करू?”

“खऱ्याचाच अर्ज भरा. पदार्थाचं नाव विचारलंय तिथं साखर लिहा.”

चार नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला. साखर आमच्याकडे येत नाही म्हणाल्या, ती अन्नात येते. अन्नवाले समोरच्या दालनात होते. त्यांनी विचारलं, हे कोण खाणार? मी म्हटलं, कुणीच नाही, विकण्याचं नाटक आहे. विक्री म्हटल्यावर ते सावरून बसले, म्हणाले मग दुकानाचा परवाना दाखवा. मी म्हटलं, दुकान नाही, टोळी आहे. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी, तीन सह्या आणि एक गोल शिक्का घेऊन मी विजयी मुद्रेनं घरी आलो. पत्रात लिहिलं होतं, ‘सदर इसमाने पिठीसाखर जवळ बाळगण्यास या कार्यालयाची हरकत नाही.’

हिनं ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला.

चित्रणाच्या जागी ते पत्र कुणी मागितलं नाही. मी स्वतःहून पुढे केलं, तेव्हा तिथल्या सगळ्या कागदांचा कारभार बघणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर जेवायला किती जण आहेत त्याची यादी केली. एका मोठ्या गोदामात अंधारी खोली उभारली होती. भिंतींचा रंग उडालेला दिसावा म्हणून दोन माणसं सकाळपासून रंग देत होती. मध्ये टेबल, वर एक दिवा, आणि टेबलामागे माझा साडू. काळा सदरा, बोटात लाल खड्याची अंगठी, आणि मिशीला लावलेलं काहीतरी चकचकीत. एवढा रुबाबदार दिसत होता की मला बघवेना.

मग त्यानं पुडी बांधायला घेतली आणि माझा जीव थंड झाला. पहिल्या वेळी कागद फाटला. पाचव्या वेळी पूड मिशीत गेली. नवव्या वेळी त्याला शिंक आली आणि टेबलावरचा सगळा माल कॅमेऱ्यावर उडाला. अठराव्या वेळी दिग्दर्शकांनी डोक्याला हात लावला. मी कोपऱ्यात उभा होतो. सुख म्हणतात ते काय असतं, हे मला त्या तासाभरात समजलं.

“यांना शिकवलं कुणी?” दिग्दर्शक ओरडले.

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. आता हा माझ्या धंद्यावर घाला होता. मी रागारागानं पुढे झालो आणि उभ्या उभ्या सहा पुड्या बांधून टेबलावर आपटल्या. दिग्दर्शक बघत राहिले.

“हेच,” ते हळू आवाजात म्हणाले. “हेच हात पाहिजेत मला.”

मी मान वर केली. म्हटलं, चेहराही एकदा नीट बघून घेऊ दे. त्यांनी बघितला.

“फक्त हात,” ते म्हणाले.

कागदवाल्या बाईंनी लगेच एक छापील कागद आणला. हात माझे असले तरी पडद्यावर ते साडूचे. हे कुणाला सांगायचं नाही, घरातसुद्धा बोलायचं नाही, नाहीतर वकिलाची नोटीस येईल. मी सही केली. त्या कागदात ‘बोलायचं नाही’ असं आहे, लिहायचं नाही असं कुठं म्हटलेलं नाही; मी दोनदा वाचून बघितलंय.

पुढं जे झालं ते कुठल्याही कंपाउंडरवर येऊ नये. साडूचे हात केसाळ, माझे गुळगुळीत. मेकअपवाल्यानं कुठल्याशा टोपातले काळे कुरळे केस कापले आणि डिंकानं माझ्या दोन्ही हातांवर एकेक करून चिकटवले. साडूची अंगठी मला सैल, म्हणून आतून चिकटपट्टी गुंडाळली. मग साडूचे हात त्याच्या पाठीमागे बांधले, मला त्याच्यामागे एका खोक्यावर बसवलं, आणि माझे हात त्याच्या काखांखालून पुढे काढले. माझं नाक साडूच्या पाठीत. समोरचं काही दिसत नाही. इतकी वर्षं मी या माणसाच्या पाठीमागे बोलत आलो. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्या पाठीमागे गप्प बसलो.

“सुरू!” आवाज आला.

हातांना डोळे लागत नाहीत. पहिली पुडी, दुसरी, तिसरी, दोन टिचक्या, पुढची. साडू पुढे बसून भुवया उंचावत होता म्हणे. मला आपलं दवाखान्यात असल्यासारखं वाटू लागलं, संध्याकाळची गर्दी असावी तसं. टेबलावर शोभेला एक पेन्सिल ठेवली होती, ती हाताला लागली. सत्तावीस वर्षांची सवय. मी उचलली, आणि सगळ्या पुड्यांवर दोन रेघा, एक गोल काढून मोकळा झालो.

“थांबा!” दिग्दर्शक टेबलाशी आले. “हे काय काढलंत?”

“दिवसातून दोनदा, जेवणानंतर,” मी साडूच्या पाठीतून उत्तर दिलं.

अख्खं गोदाम हसलं. मला वाटलं, आता हातही गेले. पण दिग्दर्शक हसत नव्हते. त्यांनी पुडी दिव्याजवळ धरली. “ही टोळीची खूण,” ते म्हणाले. “जिथं जिथं यांचा माल जाईल तिथं ही खूण दिसली पाहिजे. पेट्यांवर रंगवा. जहाजावर रंगवा!”

घरी आलो. कसं झालं म्हणून हिनं विचारलं. शिकवलं, म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझा सदरा धुवायला घेताना तिला बाहीत केस सापडले. बोटभर लांब, काळे, कुरळे.

“हे कुणाचे?”

डिंक माझ्या हातांवरून निघाला होता, पण केस बाहीत राहून गेले होते. मी कागदावर सही केलेली. “पेशंटचे असतील,” मी म्हणालो.

“बाहीच्या आत?”

मी पेपर तोंडासमोर धरला. पुढचे तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. करंगळी वर राहिली तरी काही म्हणत नव्हती. इमारतीत कुणी घेतला नाही तो संशय अखेर माझ्यावर घेतला गेला होता, पण घरात, आणि भलत्याच गुन्ह्याचा. रोज तोंडापर्यंत यायचं, रोज गिळायचो. मला त्या केसांचा राग आला, साडूचा राग आला, आणि हात केसाळ असणाऱ्या एकूण पुरुषजातीचा राग आला.

तो भाग लागणार होता त्या शुक्रवारी साडूकडे झाडून सगळे जमले. सासूबाई, मेव्हणी म्हणजे हिची धाकटी बहीण, त्यांचे शेजारी, आणि पोस्टमास्तरही, ज्यांना मी बोलावलं नव्हतं. साडू नवा सदरा घालून भिंतीएवढ्या टीव्हीच्या शेजारी उभा. मालिका सुरू झाली. अंधारी खोली आली. दिवा आला. तरुण म्होरक्याचा चेहरा आता येईल, मग येईल, म्हणून सासूबाई पदर सावरून पुढे सरकल्या. चेहरा आलाच नाही. रहस्य वाटावं म्हणून तो अंधारात ठेवला होता. मिशीचं एक टोक दिसलं तेवढंच. आणि मग उजेडात, भिंतभर मोठे, माझे हात आले.

अकरा सेकंद. मी मोजले. पुडी, पुडी, पुडी, टिचक्या, दोन रेघा, एक गोल. आणि त्यानंतर तासभर तीच खूण. पेट्यांवर, ट्रकवर, जहाजाच्या पोटावर, पोलिसांच्या फळ्यावर. साम्राज्य पसरत गेलं. तरुण म्होरक्या मोठा झाला तो कुणी दुसराच नट होता.

मालिका संपली. साडूचा चेहरा असा उतरला होता, की एवढा उतरलेला चेहरा बघायची मला कित्येक वर्षांची इच्छा होती, आणि बघताना मजा आली नाही.

“जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही कुठं होतात?”

साडूनं घसा साफ केला. “ते... हात,” तो म्हणाला. “ते हात माझे.”

सगळ्यांत आधी मेव्हणीनं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

“काय हात आहेत!” सासूबाई म्हणाल्या. “चेहरा काय, कुणाचाही दाखवतात. आणि ती खूण?”

“ती मलाच सुचली. ऐन वेळी.”

“बघा!” सासूबाई माझ्याकडे वळल्या. “तुम्ही अहो जन्मभर पुड्या बांधताय, पण असे हात पाहिजेत. तुमच्या हातात ती जादू नाही.”

मत्सर म्हणजे काय ते मला ठाऊक आहे असं मी समजत होतो. पण स्वतःच्याच हातांचा मत्सर हा प्रकार मला नवा होता. मी ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. तेवढ्यात पोस्टमास्तर म्हणाले, “प्रत्यक्ष एक बांधून दाखवा की!” आणि सासूबाईंनी लगेच साखर आणि कागद मागवला.

साडू टेबलाशी बसला. कागद पुढे ओढला. त्याच्या कपाळावर घाम आला. मी मनात म्हटलं, बुडू दे. मी एक शब्द बोलणार नाही, सहीच केली आहे. त्यानं पहिली घडी घातली, ती तिरकी गेली. दुसरी घातली, कोपऱ्यातून साखर सांडू लागली. सगळे वाकून बघत होते. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. पण मी त्याच्याकडे बघून काही केलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. मला तो कागद बघवेना. कागदाचे असे हाल मी सत्तावीस वर्षांत कधी होऊ दिलेले नाहीत. माझे हात मांडीखालून निघाले आणि त्यांनी त्याच्या हातातून ती पुडी घेतली. तीन घड्या, टोक आत, दोन टिचक्या. खिशातली पेन्सिल. दोन रेघा, एक गोल.

सगळ्यांनी त्या पुडीकडे बघितलं. म्हटलं, आता कळणार.

“अगं बाई!” सासूबाई म्हणाल्या. “जावईबापूंचं एकदा बघून ह्यांनाही जमलं की!”

“थोडा सराव लागेल अजून,” साडू म्हणाला, घाम पुसत.

“पार्सलाची घडी घातली असती तर अजून चांगली झाली असती,” पोस्टमास्तर म्हणाले.

ही काहीच बोलली नाही. घरी येतानाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पहिल्या पेशंटला पुड्या दिल्या. त्यानं वरची खूण बघितली आणि हात मागे घेतला. “ही त्या टोळीची खूण ना? नको बाबा.” दुसऱ्यानं पुडी उघडून आधी जिभेला लावून बघितली. तिसरी बाई म्हणाली, “काका, या वयात टीव्हीची नक्कल शोभते का?” दुपारपर्यंत बातमी डॉक्टरांच्या खोलीत पोचली.

“आत्तापासून खूण बंद,” डॉक्टर म्हणाले. “छापील चिठ्ठ्या आणू. लोकांना उगाच संशय नको.”

संशय घेतला तर तोही साडूच्या खात्यावर, आणि खूण गेली ती माझी. मी संध्याकाळभर कोऱ्या पुड्या दिल्या. एक म्हातारी पुडी उलटसुलट करून बघत राहिली आणि म्हणाली, “यात कधी घ्यायचं ते कुठं आहे?” तिला तोंडी सांगितलं. तिनं दोनदा विचारलं.

घरी आलो तर ही कपाळ दाबत बसली होती.

“डोकं दुखतंय. एक पुडी द्या.”

तीन आठवड्यांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी घरातला छोटा खल काढला, गोळी कुटली, पुडी बांधली आणि तशीच तिच्या हातात दिली. तिनं ती फिरवून बघितली. मग माझ्या खिशातली पेन्सिल काढून घेतली, पुडी टेबलावर ठेवली, तिच्यावर सावकाश दोन रेघा ओढल्या, आणि शेजारी एक गोल.

“एवढं विसरलात?”

“डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय. लोक म्हणतात मी टीव्हीवरून चोरली.”

“लोकांना काय कळतंय,” ती म्हणाली. “अकराही सेकंद करंगळी वर होती.”

“तो कागद... मी सही...”

“मी काही विचारलंय का? तीन आठवडे त्या केसांनी माझा जीव खाल्ला. काल ते केस त्या हातांवर बघितले आणि भांड्यात पडला.”

“मग तिथं बोलली का नाहीस? आई काय काय बोलत होत्या मला!”

“बोलणारच होते. मग धाकटीकडे बघितलं.” ती थांबली. “तिच्या नवऱ्याला पाकिटात पत्रसुद्धा सरळ घालता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी पहिली टाळी तिनंच वाजवली. त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं हो. तुमचे हात काय, रोज माझ्यासमोर आहेत.”

तिनं पुडी लगेच घेतली नाही. जेवायचं होतं अजून. तिनं ती आपल्या ताटाशेजारी ठेवली आणि वाढायला उठली. मी तिथंच बसून त्या पुडीकडे बघत राहिलो. इतकं समाधान मला कधी वाटलं नव्हतं, हे मी मान्य करतो.

फक्त एक गोष्ट. तिनं काढलेला गोल माझ्या गोलापेक्षा जास्त गोल आला होता. ते मला जरा लागलंच.